निकालाआधीची शाल

शनि. ६ सप्टें., लिएज (बेल्जियम)
ब्रुसेल्सहून रेल्वेने आलो. स्टेशन सगळं काचेचं, वर नुसत्या पांढऱ्या कमानी. बायको शकू वर बघत चालली अन् एकाच्या बॅगेला अडखळली. तो म्हणाला "पार्दों", ही म्हणाली "असू द्या, असू द्या". दोघांचंही भागलं.
लेक प्रज्ञा घ्यायला आली होती (यापुढं नुसतं प्र. लिहीन). केस कापलेत. तिकीटवाल्याशी फ्रेंचमध्ये घडाघडा बोलली. धारूरला माझ्याच वर्गात, माझ्याच हाताखाली बाराखडी गिरवली हिनं. छाती फुगली, खोटं कशाला लिहू.
शुक्रवारी तिच्या पीएच.डी.ची शेवटची परीक्षा. भर सभेत प्रश्न, तिथंच निकाल. त्यासाठी आलोय. अन् एक विचारायचंय: परत येणार का? शकूने विमानातच दम दिलाय. "परीक्षा होईस्तोवर तोंडातून शब्द काढायचा न्हाई." बरं.

रवि. ७
नदीकाठी रविवारचा बाजार. चीज, कोंबड्या, चपला, जुनी पुस्तकं. आपल्या आठवडी बाजाराचंच रूप, फक्त घासाघीस कोणी करत नाही. मी केली. प्र. म्हणाली, "पप्पा, इथं नसतं करायचं." पण माणसानं हसून दोन सफरचंदं जादा टाकली. तिला म्हटलं, बघ.
फळवाल्याला फोनवर सीताफळाचा फोटो दाखवला. त्यानं मोठा करून बघितला, शेजाऱ्याला दाखवला. दोघांनी खांदे उडवले. बिचारे.

मंगळ. ९, नामूर
प्र. अभ्यासात. आम्ही दोघंच रेल्वेने इथं. तिनं काळजीनं तीनदा फोन केला. अरे, ज्या माणसानं आख्खी शाळा घेऊन एस.टी.तून सहली काढल्या...
दोन नद्यांचा संगम, त्याच्यावर किल्ला. चढताना शकू म्हणाली, "गावात किल्ला असून कधी नेलं न्हाई. किल्ला दाखवाया इतक्या लांब आणलं." खरंय.
किल्ला उत्तम. झाडलोट, पायऱ्या शाबूत, बसायला बाकडी. वर एक म्हातारं जोडपं भेटलं. त्यांना माझ्या इंग्रजीत सांगितलं, आमच्या गावीही किल्ला आहे, डोंगरावर. फोटो दाखवले. म्हातारीने विचारलं, तिकीट किती? म्हटलं, तुम्हाला फुकट. आमचे पाहुणे म्हणून या. येतील असं वाटत नाही, पण नाव लिहून घेतलं त्यांनी. धारूर, जि. बीड.

बुध. १०
बॅग उघडली. बीडहून आणलेल्या शाली प्र.ला दाखवल्या. नारळ आपल्या बौद्ध मंडळींत देत नाहीत. शाल आणि गुलाबाचं फूल. परीक्षकांसाठी करड्या, प्र.साठी एक लाल काठाची.
तिचा चेहरा उतरला. "पप्पा, असलं काही नसतं इथं. निकाल लागू द्या, मग बघू."
शाली परत बॅगेत ठेवल्या. पण मनात सलतंय. लाज वाटते का हिला आमची?
शकूला बोललो. ती म्हणाली, "तिला कशाची लाज? तुमालाच कावून घाई झालीया?"

शुक्र. १२
खूप उशीर झालाय. तरी लिहितो.
सभागृह भरलेलं. परीक्षक टेबलामागं बसले. मधोमध अध्यक्षबाई, उंच, पांढऱ्या केसांच्या. प्र. माइकजवळ उभी. सगळं शांत. कोणी उठेना, कोणी बोलेना. आता नोकरीभर मी सूत्रसंचालन केलेलं. तालुक्यात कार्यक्रम म्हटला की माइक माझ्याकडं. आधी पाहुण्यांचं स्वागत, मग प्रास्ताविक, मग बाकीचं. मला वाटलं, स्वागत विसरलीच मंडळी. बुधवारचं बोलणं डोक्यातून साफ गेलं. उठलो, सरळ वर गेलो आणि अध्यक्षबाईंच्या खांद्यावर शाल घातली.
टाळी नाही. एका परीक्षकाने खुर्ची मागं ओढली. प्र. पांढरीफटक. "पप्पा, खाली बसा." या आवाजात ती माझ्याशी कधी बोललेली नाही.
बाईंनी शाल काढली, घडी केली, काहीतरी बोलल्या. सगळे परीक्षक उठून आतल्या खोलीत गेले.
प्र. माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "निकालाआधी उमेदवाराच्या घरच्यांकडून काही घेतलं, तर परीक्षा रद्दसुद्धा होऊ शकते."
एवढी वर्षं पोर इथं एकटी राबली, आणि बापानं एका शालीनं... शकूने उरलेल्या शालींची पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. त्यापेक्षा दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.
आले बाहेर. बाई माझ्याकडं बघून सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, ही शाल इथं टेबलावर सगळ्यांसमोर राहील. मुलगी नापास झाली तर घरी घेऊन जा. लोक हसले. प्र. हसली नाही.
मग ती बोलायला लागली. विषय खडकातल्या पाण्याचा. फ्रेंचचं एक अक्षर कळलं नाही. पण मधूनच "धारूर" ऐकू यायचं, "बालाघाट" ऐकू यायचं. आणि पडद्यावर आमच्या बुद्धवाड्यातली विहीर! शकू सभेत मोठ्यानं म्हणाली, "अवं, ती आपली घागर हाय!" पाणी कुठून येतं म्हणून लहानपणी तासन्‌तास वाकून बघायची ही पोर. धपाटे खाल्लेत तिनं त्यापायी. आज तीच विहीर ती साहेब लोकांना समजावून सांगत होती आणि ते लिहून घेत होते. मी रडलो. उघड रडलो.
प्रश्न झाले. परीक्षक पुन्हा आत, पुन्हा बाहेर. सगळे उभे राहिले. बाईंनी वाचलं, त्यात "दोक्तर" तेवढं कळलं. पुरेसं होतं.
डॉ. प्रज्ञा. लिहून बघितलं.
बाई स्वतः शाल घेऊन आल्या, माझ्याकडं पाठ केली आणि खांदे वाकवले. घातली. या खेपेला टाळ्या. मग त्यांनी इथल्या पद्धतीनं माझ्या गालाला गाल लावला. शकू भिंतीकडं बघत होती.
नंतर खाणंपिणं. शकूने घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी सगळ्यांत आधी संपली.
लाल काठाची शाल काढली. प्र.ने माझा हात धरला. "ही इथं नको, पप्पा. धारूरला घाला. शाळेच्या ओट्यावर, माइक धरून, तुमच्या पद्धतीनं. आधी पाहुण्यांचं स्वागत."
म्हणजे लाज नव्हती वाटत. उगाच दोन दिवस सलत ठेवलं मी.
"कधी?" म्हटलं. निघून गेलं तोंडातून. तेवढ्यात कोणीतरी तिला हाक मारली अन् ती गेली.

रवि. १४
तिला इथंच पुढचं काम देऊ केलंय. संभाजीनगरलाही अर्ज केलाय म्हणते. पुन्हा विचारलं नाही. शकू म्हणते, शेवटी मीपण शिकलो गप बसायला. ती कधी शिकली?
दुपारी प्र.ने नदीवरच्या पुलावर नेलं. बराच वेळ वाकून पाण्याकडं बघत होती.

शनि. २०, धारूर
काल पोचलो. बसस्टँडवर जो तो विचारतोय. "गुरुजी, लेक डॉक्टर झाली म्हनं! लई भारी! कधी येती?"
सांगितलं, सत्कार ठरलाय, तारीख ठरायचीय.
घरी शकू बॅगा रिकाम्या करत होती. लाल काठाची शाल ट्रंकेत तळाला टाकू नको, वरच ठेव, असं सांगायला गेलो. तिनं वरच ठेवली होती.