बाही आणि माया

ता. ४ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं, पण तू मशीन चालू ठेवून बोलतेस आणि माझं अर्धं बोलणं सुईखाली जातं. म्हणून पत्र.

नाटकगृहात माझं बरं चाललंय. फक्त दिवे टांगायला आता मला वर माळ्यावर पाठवत नाहीत. शिडीला वजन पेलायचं नाही, असं आमच्या उस्तादांनी मान खाली घालून सांगितलं. मी खाली बसून बटणं दाबते. पण दिवा कुठे पडतोय ते वरूनच कळतं गं, आणि मला वरच जायचंय.

त्यातून साखर वाढायला लागलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पीसीओएस असताना नुसत्या डाएटने किती वर्षं झगडणार, स्लीव्हच्या ऑपरेशनचा विचार कर. महिन्याभरात कळवते म्हणाले खरी, पण काही ठरत नाही. बाबांना अजून बोलले नाही, ते लगेच जिभेवर ताबा ठेव म्हणतील. तुझं मत कळव.

लोभ आहेच, तो कमी करू नकोस. कमी करायला माझ्याकडे दुसरं पुष्कळ आहे.
तुझी,
गुंडी

ता. ११ जून

चि. गुंडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. अगं, स्लीव्हसाठी कुणी ऑपरेशन करतं का? दंड जाड आहेत तर आहेत, घराण्यातूनच आलेत, तुझ्या बाबांचे बघ. बाही काचत असेल तर माझ्याकडे ये. काखेत चौबगल्याचा तुकडा जोडला की हात थेट छताला लागेल. जन्म गेला माझा बाह्या शिवण्यात, पण बाहीपायी कुणाच्या अंगाला सुरी लावावी लागली नाही. त्या बाईंना माझा पत्ता दे.

साखर बाहीने कशी उतरणार, तेवढं मात्र मला कळलं नाही.

जीव जपून राहा, बाह्यांची काळजी माझ्यावर सोड.
आत्या

ता. १६ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हसून हसून पोट दुखलं, आणि ऑपरेशन त्या पोटाचंच आहे! जठराचा मोठा भाग कापून काढतात. उरतं ते बाहीसारखं लांबट नि अरुंद, म्हणून स्लीव्ह. उस्तादांना तुझं पत्र वाचून दाखवलं, तर ते शिडीवरून पडता पडता राहिले.

आता खरं सांगते. या दुखण्यात शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. घास मोजून खाल्ला तरी वजन हलत नाही, आणि हललं तर पाहुण्यासारखं परत येतं. पाळी मनाला येईल तेव्हा येते. हनुवटीवरचे केस तर तू जाणतेसच. ऑपरेशनने दुखणं मुळापासून जात नाही, पण बऱ्याच जणींची साखर नि पाळी ताळ्यावर येते म्हणे. व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. आणि कापलेलं परत जोडता येत नाही, तिथेच माझं घोडं अडलंय. मी भित्री आहे की शहाणी, तेवढं सांग.

माझ्यावर जीव आहे तसाच राहू दे.
तुझी,
गुंडी

ता. २२ जून

चि. गुंडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हनुवटीचं मी जाणणारच. माझ्या आरशाशेजारी चिमटा तुझ्या जन्माआधीपासून टांगलेला आहे. माझी पाळीही अशीच लहरी होती. तेव्हा त्याला नाव नव्हतं, नुसते टोमणे होते. मला कुणी उपाय सुचवला नाही, तुला सुचवताहेत, याचा मला फार आनंद झाला. थोडी रडलेसुद्धा, पण गिऱ्हाईक आलं म्हणून आवरलं.

तू भित्रीही नाहीस नि आगाऊही नाहीस. कापायला मीही भीत नाही. भीते ती माया न ठेवता कापणाऱ्यांना. शिवणीच्या आत आपण जास्तीचं कापड ठेवतो ना, ती माया नसेल तर पहिल्याच ताणाला उसवतं. बाईंना विचार की माप कशावर घेता आणि माया ठेवता का. विचारल्यावर उखडल्या, तर तिथे आपलं कापड टाकायचं नाही.

घाई नको, पण घोळही घालू नकोस.
आत्या

ता. ३० जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

विचारलं. बाई आधी बुचकळ्यात पडल्या, मग मी तुझा धंदा सांगितला. उखडल्या नाहीत. कागदावर जठर काढून दाखवलं. आत एक नळी घालतात आणि तिच्या मापाने कापतात. जिथे वळण आहे तिथे नळीला अगदी चिकटून कापत नाहीत, जरा सैल सोडतात, नाहीतर घास अडकतो. त्याला तुम्ही शिवणारे माया म्हणता, हे त्यांना भारी आवडलं. शिवण उसवायचा धोका थोडा असतो, तोही लपवला नाही. काही वर्षांनी वजन थोडं परत येऊ शकतं, हेही सांगितलं.

मग लक्षात आलं की मी पुढचे सगळे प्रश्न ऑपरेशन झाल्यानंतरचेच विचारत होते. म्हणजे माझं ठरलंच होतं. हो म्हणून आले, आत्या! वीस जुलैला आहे. बाबांनीही जिभेबिभेचं काही काढलं नाही, रजा कधी टाकू एवढंच विचारलं.

एक काम कर. माळ्यावर चढायला खूप खिशांचा सदरा शीव. आताच्या मापाचा नको, आणि माया मुळीच ठेवू नकोस. आता मोठा करायची वेळ येणार नाही.

तुझ्या आशीर्वादाची वाट बघणारी,
गुंडी

ता. ९ जुलै

चि. गुंडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सदरा पाठवलाय. उलटा करून बघ. तू नको म्हणालीस तरी दोन्ही बगलांना चांगली चार बोटं माया ठेवली आहे. वजन थोडं परत येऊ शकतं असं बाईच म्हणाल्या ना? येऊ दे. आत घ्यायचा तर आत घेईन, सैल करायचा तर सैल करीन. तू सदऱ्याच्या मापाची व्हायचं नाहीस, सदरा तुझ्या मापाचा होईल. शिडी मात्र चढायची.

ऑपरेशनला मी येतेच आहे. बाहेर नुसतं बसून काय करू, त्या बाईंकडून माझीही साखर तपासून घेईन. आणि त्यांनी टाके कसे घातलेत, ते बघितल्याशिवाय काही परत जायची नाही.

माया ठेवू नकोस, असं मात्र पुन्हा मला लिहू नकोस. ते माझ्याच्याने व्हायचं नाही.
तुझी,
आत्या