उशाजवळचे टेबल

बुधवार, ४ डिसेंबर २०२४

माझ्या टेबलास आज माझ्या परवानगीवाचून हात लावण्यात आला.

सकाळी हरभऱ्याचे वावर पाहून परतलो, तो खाटेच्या उशाशी टेबल मोकळे. वर पाण्याचा तांब्या, सौ.च्या रक्तदाबाच्या गोळ्या व माझा चष्मा — एवढेच. रेडिओ, बॅटरी, गजराचे घड्याळ, पंपाचे पाने, चुन्याची डबी, तुरीच्या बियाण्याच्या पुड्या — सर्व एका खोक्यात भरून कोठीच्या खोलीत नेऊन ठेवलेले. हे काम सूनबाई प्रेरणा यांचे. विचारले असता म्हणाल्या, "मामाजी, उशाशी गर्दी असली का झोप मोडते. डॉक्टरनं सांगतलं नं, आत्याबाईले झोप पाह्यजे म्हणून."

मी म्हणालो, "डॉक्टरांनी सौ.ला झोप सांगितली आहे. उचलेगिरी सांगितलेली नाही."

त्या खाली मान घालून गेल्या.

गेल्या आठवड्यात सौ. वच्छला न्हाणीजवळ चक्कर येऊन पडली, हे खरे. दारव्ह्याच्या डॉक्टरांनी रक्तदाब फार वाढल्याचे सांगितले व विचारले, "आजी, रात्री झोप लागते का?" सौ. भिंतीकडे पाहत राहिली. वय झाले की झोप कमी होते, हे उत्तर शेवटी मलाच द्यावे लागले. यात टेबलाचा काय अपराध?

गुरुवार, ५ डिसेंबर

सर्व वस्तू पूर्ववत मांडल्या. सूनबाईंशी बोलणे बंद.

शनिवार, ७ डिसेंबर

या घरात माझे म्हणून काय उरले आहे? कपाटाची किल्ली चिरंजीव घनश्यामकडे. काय पेरावे, कापूस केव्हा विकावा, हे तोच ठरवितो व मला मागाहून कळवितो. उरले ते हे सागवानी टेबल. त्यावर निरुपयोगी अशी एकही वस्तू नाही. सध्या शेतास वीज रात्रीची आहे. गजर होतो, मी बॅटरी उचलतो, पाने खिशात घालतो व निघतो. अंधारात हात चाचपडत नाही. याला अडगळ म्हणतात!

जेवताना घनश्याम म्हणाला, "बाबा, मोटर मोबाईलवरून चालू होते. स्प्रिंकलर लागले हायेत. तुम्ही रातच्यान कायले उठता?"

मी त्यास मागील हिवाळ्याची आठवण करून दिली. मोबाईलने 'मोटर चालू' असे कळविले होते. इकडे पाईप फुटून सगळे पाणी नाल्यात जात होते. ते कोणी पाहिले?

"एकच दिवस झालतं बाबा तसं."

एक दिवस पुरतो. मी केवळ चौथी उत्तीर्ण आहे. परंतु ज्यास वावर दिसत नाही त्याच्या शब्दावर मी शेत सोडीत नाही. सौ. वाढीत होती. तिने माझ्या ताटात भाकर टाकली ती जरा जोरानेच.

सोमवार, ९ डिसेंबर

घड्याळ नाहीसे झाले. घर पालथे घातले तेव्हा ज्वारीच्या कोठीत, दाण्यांत खोल पुरलेले सापडले. वरून सौ.च्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला. म्हणजे लुगडेही न विचारता फाडले.

त्याच वेळी शेजारच्या विमलताई विरजण मागण्यास आल्या होत्या. त्यांनी पाहिले व हसू लागल्या. "काहो आबाजी, घड्याळाले थंडी वाजून राह्यली व्हती का? लुगड्यात निजवलं ते?"

परक्या बाईने माझ्याच दारात मला हसावे! मी सूनबाईंना तेथेच बोलाविले. घड्याळ पुढे धरले व विचारले, "माहेरी हेच शिकविले काय? वडीलधाऱ्यांच्या वस्तू चोरावयास?"

त्यांनी एकदा आत पाहिले. आत सौ. सुपात डाळ पाखडीत होती. सूप थांबले होते. मग सूनबाई म्हणाल्या, "चुकलं मामाजी."

विमलताई विरजण न घेताच गेल्या. मी घड्याळास किल्ली दिली व टेबलावर ठेवले. ते चालते आहे.

मंगळवार, १० डिसेंबर

सूनबाई आज सकाळी महागावला, माहेरी गेल्या. भावाकडे काम आहे म्हणे. काय काम, ते घनश्यामला सांगता आले नाही. मी विचारलेही नाही. जाऊ द्यावे. माझा शब्द या घरात अजून चालतो, एवढे तरी दिसले.

भाकरी सौ.ने केल्या. दोन करपल्या. त्याही खाल्ल्या.

गुरुवार, १२ डिसेंबर

आज घड्याळ पुन्हा जागेवर नाही.

सूनबाई महागावला. घनश्याम कालपासून कापसाची गाडी घेऊन यवतमाळला गेलेला. घरात आम्ही दोघे. मी स्वयंपाकघरात गेलो.

"घड्याळ कोठे आहे?"

सौ. चुलीपुढून न उठता म्हणाली, "विहिरीत."

मला वाटले, थट्टा करीत असेल. तशी सवय तिला नाही.

"विहिरीत टाकलं मी. पह्यल्या खेपेले कोठीत ठेवलं तेही मीच. लुगडं माह्यं, मीच फाडलं. अन् टेबल आवरायले सूनबाईले मीच सांगतलं व्हतं. तिनं माह्यं आपल्या अंगावर घेतलं."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुमच्याफुडं कोणाले बोलता येते?"

मी काही म्हणणार तोच ती पुढे बोलू लागली. एवढे सलग बोललेले मी कधी ऐकले नव्हते. "वावरात मोटर बसली तवापासून मी झोपली नाही. तुमचा गजर वाजला का तुम्ही जाता. इथं मी पडून राह्यतो — साप चावला का, रानडुक्कर आलं का, ओल्या हातानं स्टार्टरले हात लावला का. तवा गरज व्हती, म्या तोंड नाही उघडलं. आता पोरगं घरून मोटर चालू करते, तरी तुम्ही जाता. कायले? कोणाले दाखवाले? डॉक्टरनं इचारलं तर उत्तर तुम्हीच देलं. माही झोपही तुम्हीच सांगा!"

मग तव्यावरची भाकर उलटली. मी बाहेर आलो.

शुक्रवार, १३ डिसेंबर

मी वावरातून परत येई तेव्हा ती डोळे मिटून, भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. मी चपला दारातच काढीत असे. खाटेवर बसताना आवाज होऊ नये म्हणून हात टेकून बसत असे. इतकी वर्षे मी एका जाग्या बाईची झोप मोडू नये म्हणून जपत होतो! आणि ती मला कळू देत नव्हती. हा कसला संसार म्हणावा? दोघांपैकी एकाने जरी एकदा विचारले असते.

परंतु विचारणे माझ्याकडे होते, हेही खरे. हे लिहिताना बरे वाटत नाही. लिहिले आहे.

सूनबाईंनी "चुकलं" म्हटले तेव्हा सौ. आत बसून होती. मी तिलाही दोष देतो. तेवढा तरी देऊ द्यावा.

शनिवार, १४ डिसेंबर

दुपारी माझी खाट ओसरीत काढली. टेबलही नेले, त्यावरील सर्व सामानासह. मला वाटले, सौ. म्हणेल, "राहू द्या, थंडीचे दिवस आहेत."

म्हणाली नाही. एक कांबळ आणून खाटेवर ठेवले व आत गेली.

रविवार, १५ डिसेंबर

रात्री वावरात गेलो नाही. ऊन अंगणात उतरले तरी सौ. उठलेली नाही. दारातून पाहिले. तोंड उघडे टाकून, खोल घोरते आहे. ती घोरते हे मला ठाऊक नव्हते. दूधवाल्यास हळू बोलण्यास सांगितले.

चहा मी केला. साखर सापडली नाही, तसाच प्यालो. आता जीपने दारव्हा, तेथून महागावची गाडी. व्याह्यांच्या दारी मी आजवर आमंत्रणाशिवाय गेलेलो नाही.