मांडीवरचा पाय

मंगळवार, ११ डिसेंबर १९५६
आजही तेच! हे कोर्टातून आले, की वन्सं कंदील घेऊन तयार. ह्यांचा पाय स्वतःच्या मांडीवर घेणार, बोटांच्या बेचक्या बघणार, टाचेवरून हात फिरवणार. सख्खी थोरली बहीण असली म्हणून काय झालं? बायको मी, आणि मी चुलीपाशी भाकऱ्या थापतेय!
म्हणे, "मधुमेहानं त्याला तळव्याला लागल्यालं कळत न्हाय गं." मला डोळे नाहीत का? विडीसुद्धा त्यांच्या एका शब्दावर सोडली. मी पाच वर्षं घसा फोडत होते!

१४ डिसेंबर
जळतेय मी. पत्र लिहूनच टाकते.

१७ डिसेंबर
निमगावला वन्संच्या मुलाला, सावळारामला कार्ड टाकलं – "तुमच्या आईंना बारामतीत करमत नाही, येऊन घेऊन जा." खोटं! पण टाकलं.

२२ डिसेंबर
गेल्या एकदाच्या! एस.टी.त चढतानाही तेच – "मंदा, रोज पाय बघ. अनवाणी फिरू देऊ नगंस. आन् शेक अजाबात द्यायचा न्हाय!"
शेक का नको? माझ्या हातचं सुख भावाला मिळू नये म्हणून. दुसरं काय!

२४ डिसेंबर
थंडी मी म्हणतेय. ह्यांचे पाय गारठलेले. वीट तापवली, फडक्यात गुंडाळून डाव्या टाचेला लावली. "पोळतंय का हो?" "छे! अजून गरम चालेल." मग अजून तापवली.
आज पाय माझ्या मांडीवर होता. किती बरं वाटलं!

२५ डिसेंबर
टाचेला फोड. रुपयाएवढा.

२९ डिसेंबर
फोड फुटला. हळद-तेल लावलं. हे म्हणतात, "दुखत तर नाही." तसेच नव्या करकरीत वहाणा घालून कोर्टात गेले. जाताना म्हणाले, "अक्काला बोलवायचं का?"
"एवढ्याशासाठी?" मी म्हटलं. अंगाचा तिळपापड झाला नुसता.

६ जानेवारी १९५७
वास येतोय. टाच काळी पडलीय. डॉक्टर माझ्यावरच ओरडले, "इतके दिवस काय करत होता? आजच्या आज पुण्याला हलवा!"
विटेचं सांगितलं नाही मी. देवा, जीभच उचलली नाही.

१० जानेवारी, पुणे
गुडघ्याखाली कापला.

३ फेब्रुवारी
परवा घरी आलो. आज वन्सं आल्या. त्यांना सगळं सांगितलं – कार्ड, वीट, सगळं. म्हटलं, आता झिंज्या उपटतील.
 पण म्हणाल्या, "आमच्या मालकांनाबी मधुमेह हुता, त्यांच्या पायाला मीबी वीटच लावली हुती. त्यातच गेले. लाज वाटली गं, म्हनून तुला न्हाय सांगितलं."
ह्यांचा उरलेला पाय त्यांनी उचलून माझ्या मांडीवर ठेवला. कंदील स्वतः धरला.