रोखलेला मजकूर

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळच्या तपासणीत बारा नोंदी आल्या. अकरा फलकावर सोडल्या, एक रोखली.

आधी अकरांतला आनंद. बुरशीबुवाला – वय वर्षे नऊ, टोपणनाव त्याचे त्यानेच घेतलेले – फुलदाणीतल्या शिळ्या पाण्यात व्हॉर्टिसेला हा एकपेशीय जीव सापडला! देठावर उभी असलेली इवलीशी घंटा. धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा आकसतो. चित्राशेजारी त्याने लिहिले आहे, "मी टेबलावर टिचकी मारली तर तो घाबरला. मग मी त्याला सॉरी म्हटलं." त्याला तीन परिच्छेदांचे उत्तर लिहिले. आकसणे म्हणजे घाबरणे नव्हे. तरीही सॉरी म्हणण्यात काही चूक नाही.

निवृत्त झाल्यावर थेंब मंडळ मिळाले, हे माझे भाग्य. आठ ते तेरा वर्षांची साठेक मुले घरोघरी बसून पाण्याचा थेंब भिंगाखाली धरतात, दिसेल ते काढतात आणि मंडळाच्या संकेतस्थळावर फलकावर लावतात. मला ती भिंगबाई म्हणतात. प्रत्येक नोंद फलकावर जाण्याआधी माझ्या नजरेखालून जाते.

रोखलेली नोंद काचपट्टी नावाच्या मुलीची. वय अकरा. मजकूर जसाच्या तसा उतरवून ठेवते :

"आईच्या रक्ताची दर आठवड्याला तपासणी असते. आज तिथल्या काकांनी मला आईचं रक्त सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. मी चित्र काढलंय. पुस्तकातल्या चित्रात पांढऱ्या पेशी एवढ्या नसतात. भिंगबाई, असं का? आणि अजून कुणाची आई आजारी आहे का?"

नियम चौथा : घरातले आजारपण, मृत्यू, भांडणे – हे विषय फलकावर नकोत. नियम माझाच आहे. रोखलेली नोंद लिहिणाऱ्याला स्वतःच्या पडद्यावर दिसत राहते, इतर कुणाला दिसत नाही. ही सोयही मीच सुचवलेली. मुलाला तोंडावर 'नाही' ऐकावे लागत नाही. हिरमुसायला होत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

चित्र पुन्हा पाहिले. पाहायला नको होते.

रक्तात पांढरी पेशी विरळ असते. सहाशे-सातशे तांबड्या पेशींमागे एखादी. भिंगाच्या एका वर्तुळात दोन-चार दिसल्या तर दिसल्या. काचपट्टीने चाळीस काढल्या आहेत. प्रत्येकीचे केंद्रक जांभळे, मोठे, पेशीच्या कडेपर्यंत पसरलेले. ही पोर कल्पनेने काही काढत नाही. मागे तिने एका पाणकोळ्याचे पाय सात काढले होते, आणि तपासल्यावर कळले की त्याचा आठवा खरोखरच तुटलेला होता.

चित्रावरून निदान करायचे नसते. ते माझे काम नव्हे, तेवढे माझे शिक्षणही नव्हे. पण छत्तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले. डोळे मिटून घेता येत नाहीत.

इतक्या नेमक्या निरीक्षणाला शाबासकी द्यायला हात शिवशिवतो आहे. आणि तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे तर –

६ फेब्रुवारी, गुरुवार

काही केले नाही. सात नोंदी सोडल्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकवाल्याशी फोनवर बोलले. माझा जुना विद्यार्थी. दहावीत बेडूक पाहून चक्कर आली होती, म्हणून संगणकाकडे वळला असे तो स्वतःच सांगतो.

"बाई, नियम तुमचाच आहे," तो म्हणाला.

"तो मला पाठ आहे. अपवाद करता येईल का, ते विचारते आहे."

"एक अपवाद केला की दंतवैद्यबाई माझे सगळे दात काढतील. बुधवारी बैठक आहे, तिथे मांडा."

दंतवैद्यबाई म्हणजे आमच्या मंडळावरच्या पालक-प्रतिनिधी. चौथा नियम झाला तो त्यांच्या मुलामुळे. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या मुलाने आपल्या आजोबांचे शेवटचे दिवस फलकावर बारीकसारीक तपशिलांसह लिहिले. मी सोडले, मला ते प्रांजळ वाटले. दंतवैद्यबाईंचा धाकटा तेव्हा आठ वर्षांचा. त्याने वाचले आणि पुढे कित्येक आठवडे तो आजीच्या नाकाशी हात धरून श्वास तपासत बसायचा. ती चूक माझी होती. म्हणून नियमही मीच लिहिला – मोठ्या काळजीपूर्वक, पोटकलमांसकट.

तेव्हा नियम कुठल्या लहरीतून आलेला नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. स्वतःसाठीच.

१० फेब्रुवारी, सोमवार

ह्यांना चित्र दाखवले. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस; पेशींशी देणेघेणे नाही. चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहत राहिले.

"छान काढलंय. मग काय म्हणालीस तिला?"

"काही नाही. नियमात बसत नाही."

"अगं, जन्मभर वर्गात 'कुणाला काही शंका?' म्हणून विचारत आलीस. दहातले नऊ माना खाली घालायचे. आता एकीने हात वर केलाय तर तूच बाकाखाली लपलीस?"

मी त्यांना समजावून सांगितले की प्रश्न एका मुलीचा नाही, साठ मुलांचा आहे. त्यांतली काही फारच लहान आहेत. सार्वजनिक जागा आणि घर यांत फरक असतो. मुलाच्या दुःखाला प्रशिक्षित माणूस लागतो, नऊ वर्षांचा बुरशीबुवा नव्हे. चांगली वीस मिनिटे बोलले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"पटलं," म्हणाले. "पण ती पत्राची वाट बघत असेल ना? आमच्या खात्यात निदान पोचपावती असायची."

उद्या तिच्या घरी फोन करते. नाव नोंदवताना पालकांचा क्रमांक घेतलेला असतोच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वडिलांनी उचलला. शिवणकाम करतात, मागे यंत्राचा आवाज चालू होता. मी ओळख दिली आणि आवाज थांबला.

मी आधी ठरवलेल्या क्रमाने बोलले. आपल्या मुलीने आजाराबद्दल लिहिले आहे. तिला कितपत माहीत आहे? तिच्याशी बोलणारे कुणी आहे का?

"सगळं माहितीये तिला, मॅडम. आजाराचं नावसुद्धा. डॉक्टरीणबाईंनीच आम्हाला सांगितलं, लपवू नका म्हणून. आई पण बोलते तिच्याशी. आता औषधं चालू आहेत, गुण येईल म्हणतात. बघू."

मला हायसे वाटले. फोन ठेवायच्या बेतात होते.

"मॅडम, एक विचारू का? राग नका मानू. तुमच्या मंडळातली मुलं... चांगली आहेत ना?"

"फार चांगली. का हो?"

"नाही, तिनं त्यांना सांगितलं आईचं. आता आठवडा झाला. रोज शाळेतून आली की दप्तर न उतरवता आधी तो फलक उघडते. सगळे एकमेकांशी बोलतात, तिला कुणी एक अक्षर लिहीत नाही. परवा मला म्हणाली, बाबा, त्यांना वाटलं असेल हा आजार लागतो."



तिच्या पडद्यावर तिची नोंद दिसत होती. अर्थातच दिसत होती. ती तशी दिसावी म्हणून तर आम्ही सोय केली. तिच्या दृष्टीने साठ मुलांनी आणि एका शिक्षिकेने ती वाचली, आणि सगळ्यांनी मिळून तोंड फिरवले. आठवडाभर. आणि त्याच आठवड्यात, त्याच फलकावर, मी व्हॉर्टिसेलावर तीन परिच्छेद लिहिले.

मी त्यांना सगळे खरे सांगितले. मुलांपर्यंत ते पोहोचलेच नाही, मी रोखले, दोष माझा.

"मग हे तुम्हीच सांगा तिला," ते म्हणाले. "मी सांगितलं तर तिला वाटेल, बाबा समजूत काढतायत."

संध्याकाळी ती फोनवर आली. मी सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे कुणालाच माहीत नाही?"

"कुणालाच नाही."

"बरं." मग, "पण तुम्ही तर वाचलं होतं ना, भिंगबाई?"

छत्तीस वर्षांत एखाद्या प्रश्नाला इतके छोटे उत्तर दिल्याचे आठवत नाही. हो म्हणाले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बैठक. मी, संगणकवाला, दंतवैद्यबाई. त्यांच्याच दवाखान्यात, दुपारच्या सुट्टीत. संगणकवाला रुग्णाच्या खुर्चीवर आडवा, कारण बसायला तिसरी जागा नव्हती.

मी काय घडले ते सांगितले आणि नोंद वाचून दाखवली. दंतवैद्यबाईंचे डोळे भरून आले. तरीही त्या म्हणाल्या, आणि मला त्यांचा आदर वाटतो की म्हणाल्या – "बाई, मला त्या मुलीचं वाईट वाटतंय. पण माझं पोर थेंबात काय पोहतंय ते बघायला येतं. त्यानं दार उघडलं आणि समोर कुणाची आई मरणाच्या दारात असेल, तर ते मी कबूल केलं नव्हतं. तुम्ही त्याला आजीचा श्वास तपासताना पाहिलेलं नाही."

"नाही पाहिले," मी म्हणाले. "म्हणून तर नियम लिहिला. मुलाला न विचारता त्याच्यापुढे दुःख टाकू नये, हे आजही मला मान्य आहे. पण आपण दुसरेही एक केले. दुःख घेऊन आलेल्या मुलीला न सांगता बाहेर उभे केले, आणि तिला वाटत राहिले की ती आत आहे."

"मग सरळ 'नाही' सांगायचं. कळवायचं तिला, की हे इथे नाही."

"ते तर हवेच. पण विषय तिच्याबरोबर मंडळात आलेलाच आहे, बाई. तिची आई आजारी आहे आणि ती सभासद आहे. विषयाला बंदी करता येते. मग ती मुलगी कुठे जाणार?"

खुर्चीवरून आवाज आला, "वेगळी खोली करता येईल. दारावर पाटी, आत काय आहे ते आधीच सांगणारी. दहा वर्षांखालच्यांना पालकांनी हो म्हटल्याशिवाय दारच दिसणार नाही. मी उद्यापर्यंत करून देतो. मला फक्त इथून उठवा."

दोन तास खल झाला. शेवटी ठरले : वेगळी खोली. बारीकसारीक भीतीदायक वर्णने नकोत. प्रत्येक नोंदीला एका मोठ्या माणसाचे उत्तर त्याच दिवशी. समुपदेशन करणाऱ्या एक ओळखीच्या बाई आठवड्यातून दोनदा डोकावतील. आणि यापुढे काहीही रोखले तर लिहिणाऱ्याला कळवायचे – कारणासह, सभ्य भाषेत.

"माझा मुलगा त्या खोलीत जाणार नाही," दंतवैद्यबाई उठताना म्हणाल्या.

"नको जाऊ दे."

आमचे एकमत झालेले नाही. तरी दोघींना रात्री झोप लागेल, असे वाटते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

खोली उघडली. नाव 'थेंबाबाहेरचे'. तिची आणि वडिलांची परवानगी घेऊन काचपट्टीची नोंद तिथे लावली, वर माझी दोन वाक्ये : ही नोंद चार तारखेची आहे. मी ती अडवून ठेवली होती, म्हणून तुम्हाला आज दिसते आहे.

मग तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. पाच वेळा लिहिले, चार वेळा फाडले.

"तुझे चित्र बरोबर आहे. पुस्तकातले चित्रही बरोबर आहे. ते निरोगी रक्ताचे आहे. पांढऱ्या पेशी हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतात. तिथे प्रत्येकीला पूर्ण वाढायला वेळ मिळतो, मग ती रक्तात येते. तुझ्या आईच्या आजारात मात्र घाई होते : अर्धवट वाढलेल्या पेशी फार मोठ्या संख्येने बाहेर पडतात, आणि कामाच्या पेशींना जागा उरत नाही. आईची औषधे ही घाई थांबवण्यासाठी आहेत. ती किती आणि कधी थांबेल, हे मला माहीत नाही. आईच्या डॉक्टरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना जरूर विचार. आजार लागत नाही. तो तुझ्यामुळे झालेला नाही. आणि केंद्रकाची कड तू जशी काढली आहेस, तशी मी महाविद्यालयात शिकत असताना आमच्यात कुणालाही जमत नव्हती."

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तो मला विचारलेलाच नव्हता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चौदा उत्तरे!

बुरशीबुवाच्या आईने त्याला परवानगी दिली आहे. त्याने लिहिले : "माझ्या पेशी सगळ्या बटाट्यासारख्या येतात. तू पेन्सिल कुठली वापरतेस? तुझ्या आईला लवकर बरं वाटू दे. माझी आई आजारी नाही पण ती फार ओरडते." एका बारा वर्षांच्या मुलीने विचारले की आईचे केस गेले का, कारण तिच्या मावशीचे गेले होते आणि नंतर कुरळे आले. दोघांनी नुसते एकेक चित्र पाठवले – एक शेवाळाचे, दुसरे काय आहे ते कळत नाही, पण रंग भरपूर.

जे करायला प्रशिक्षित माणूस लागतो असे मी वीस मिनिटे ह्यांना समजावले, त्यातले पुष्कळसे या मुलांनी करून टाकले. सगळे नव्हे. पुष्कळसे.

काचपट्टीचे उत्तर : "पेन्सिल साधीच आहे. टोक काढत राहायचं."

१६ फेब्रुवारी, रविवार

खोलीत आणखी एक उत्तर. टाचणी नावाच्या मुलीचे. ती आता तेरा वर्षांची, वर्षभर येते आणि पाहते, लिहीत कधीच नाही. तिने काचपट्टीला लिहिले आहे :

"माझा दादा गेला तेव्हा मीपण इथे लिहिलं होतं. कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं, असं लिहायचं नसतं. तुला तसं वाटू नये म्हणून लिहितेय."

रोखलेल्या मजकुराचा कप्पा उघडला. सत्तावीस नोंदी आहेत. तिची गेल्या मार्चमधली. समोर माझा शेरा : "रोखले. मुलीच्या लक्षात आलेले नाही."