पाहुण्यांच्या टेपा आधी

प्रिय व्यंकू,

गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी चिडलेय. आत्ताच तुझ्या अम्मांना रिक्षात बसवून वर आले, पंख्याखाली टेकले, आणि वाटलं, याला चार शब्द सुनावल्याशिवाय आता काही सुचायचं नाही.

तू गेलास त्याला वर्ष होत आलं. आपलं व्हिडिओ टेपांचं सेंटर चालू आहे. म्हणजे मी चालू ठेवलंय. बाकीचे कलाकार फोन करतात, "नंदा, तू आहेस म्हणून बरं," म्हणतात आणि ठेवून देतात. खालचे कामगार अजून विचारतात, "लग्नाच्या कॅसेटी काय हो मॅडम?" तू त्यांना व्हिडिओ आर्ट म्हणजे काय ते तासभर समजावायचास. मी "व्हय" म्हणते आणि जिना चढते.

आणि जागा तरी कुठं घेतलीस रे! टेपांना धूळ चालत नाही, तर आपलं सेंटर अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्याच्या डोक्यावर! "आपली माणसं हितंच हायत की," हे तुझं उत्तर. खिडकी उघडली की कापसाची धूळ, लावली की भट्टी. कपाटं पुसून पुसून खांदे भरून येतात माझे. यंदा सगळं बंद करायचं, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगते.

आठवतं का, आपण सुरू केलं तेव्हा टेपा कुठं कुठं पडलेल्या असायच्या? कुणाच्या पलंगाखाली, कुणाच्या माळ्यावर. कलाकारांचं काम कलाकारांनीच जपायचं, कॉपी काढायच्या, मागेल त्या कॉलेजला, मागेल त्या मंडळाला दाखवायला पाठवायच्या. किती सोपं वाटलं होतं तेव्हा!

नियम तुझाच. टेप कॉम्प्युटरवर उतरवायची तर आधी बाहेरच्यांची, मग आपली. "घरचे कधी पहिल्या पंगतीला बसतात का?" म्हणालास. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. टेपा येतच राहिल्या, आपण वाढतच राहिलो. शेवटची पंगत काही बसली नाही, आणि तू उपाशीच उठून गेलास.

गेल्या महिन्यात अम्मा पहिल्यांदाच हा जिना चढून आल्या, धापा टाकत. "नंदा, त्या बिडीच्या टेपात पोराचा आवाज हाय. तेवढा ऐकव की."

मला माहीत होती ती टेप. मांडीवर सूप घेऊन अम्मा बिड्या वळतायत, दिसतात फक्त हात, आणि कॅमेऱ्यामागून तू त्यांच्याशी बोलतोयस. तुझं सगळ्यात चांगलं काम ते, आणि तुझा आवाज असलेलं एकमेव. जन्मभर दुसऱ्यांवर कॅमेरा धरलास, स्वतः कशातच नाहीस! व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा नुसता अंगठा पाठवायचास. म्हातारीनं काय ऐकायचं रे, अंगठा?

कपाटातून काढली तर रिळावर पांढरी बुरशी! नव्या पेठेतला रिपेरीवाला म्हणाला, "भंगारात घाला मॅडम. मशीनमध्ये लावाल तर मशीनपण जाईल." मला रडूही आलं नाही. रडायचंसुद्धा जिवावर आलं होतं.

मग बसले. बाहेरच्यांच्या टेपा बाजूला सारल्या, तुझा नियम मोडला, काय करायचं ते कर. तुझी टेप उघडून मऊ फडक्यानं हातभर हातभर पुसत गेले. अम्मांचा निरोप यायचा, "झालं का गं?" मी कामाचं निमित्त सांगायची. त्यांच्यासमोर जायचा धीर होत नव्हता.

आज अम्मांना बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि लावली. पुन्हा चालेल याचा भरवसा नव्हता, म्हणून कॉपी सोबतच उतरत होती. पडद्यावर नुसत्या करड्या मुंग्या. हात नाहीत, सूप नाही, अंगण नाही. तुझं चित्र गेलं, व्यंकू. मी माफी मागणार नाही. शेवटी बसायची हौस कुणाला होती?

पण आवाजाची पट्टी टेपवर वेगळी असते, ती वाचली होती. आधी खरखर, मग पानं कापणाऱ्या कात्रीचा आवाज, आणि मग तू. अम्मांनी पदर तोंडाला लावला. मी मशीनकडेच बघत राहिले.

तू तेलुगूत विचारलंस, "अम्मा, दमलीस का?" तुमच्या संगतीत एवढं मलाही कळतं आता. टेपमधल्या अम्मा नुसत्या हसल्या. कात्री चालूच.

खुर्चीतल्या अम्मा पुढं वाकल्या आणि तेलुगूतच म्हणाल्या, "दमले रे बाळा. लई दमले."

तू पुढचं विचारलंस, त्यांनी त्याचंही उत्तर दिलं. टेप संपेपर्यंत तुम्ही मायलेकरं बोलत होतात. मी जिन्यात जाऊन बसले आणि पोटभर रडून घेतलं.

ही टेप मी बाकीच्यांसारखीच मागेल त्याला पाठवीन, मुंग्यांसकट, तुझ्या नावानं. पण शब्द देतेय तो त्याचा नाही. रिक्षात बसताना अम्मांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "उद्या परत लाव. माझं सांगायचं राहिलंय." तर त्यांचं सांगून होईपर्यंत मी या खोलीला कुलूप घालत नाही, व्यंकू.

तुझी,
नंदा