डाव्या हाताचा ठोका

प्रिय भोंगाबाई,

तुझ्या गाण्याचे ड्रम पाकिटातल्या पेनड्राइव्हवर आहेत. आधी हे वाच, मग ऐक. घाई करू नकोस. घाईचा मक्ता माझ्याकडे आहे.

आमचं रेकॉर्डिंग बघण्यासारखं असतं. तुझे बाबा मागच्या खोलीत हेडफोन लावून इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या त्या रबरी तबकड्यांसमोर बसतात. त्यांच्या कानात सगळं दणाणत असतं आणि मला ऐकू येते नुसती टपटप, कुणी उशा झोडपत असल्यासारखी. कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. मी बटण दाबते, बोटांनी चार मोजून दाखवते, की हे सुरू. चुकले की माझ्याकडेच बघतात, जणू मी मधे खोकले! "लेकीचं पहिलं गाणं आहे, परत घेऊ," हे पालुपद. उभा जन्म लग्नांच्या हॉलमध्ये ड्रम बडवले, तेव्हा कधी एवढे नखरे नव्हते.

पडद्यावर प्रत्येक ठोक्याची छोटी चौकट उमटते, आलेखाच्या कागदावर असतात तशा रेघांवर. कॉलेजात असे कागद मी पुष्कळ भरलेत, त्यामुळे लगेच खटकलं. काही चौकटी रेघेच्या मागे पडत होत्या. मी वायरला दोष दिला, नवी आणली. तरी तेच. मग नीट पाहिलं, तर मागे पडत होता तो फक्त डावा हात. वायरला काय कळतं डावं-उजवं?

तेव्हापासून मी पडदा सोडून माणसाकडे बघू लागले. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. कपाकडे उजवाच हात जातो. विचारलं की "झोपेत अवघडलाय." शेवटी दटावून डॉक्टरांकडे नेलं. कंपवाताची सुरुवात आहे. गोळ्या चालू केल्यात. बरीच वर्षं नीट जातील म्हणाले. परतताना बाबा एकच वाक्य बोलले, "भोंगाबाईला कळवू नकोस." मी हो म्हटलेलं नाही.

त्या प्रोग्राममध्ये एक बटण आहे. दाबलं की मागे पडलेले ठोके रेघेवर येतात. ते दाबूनच पाठव, असं मला बजावण्यात आलं. मी दाबलं. सगळे ठोके कवायतीला उभे राहिल्यासारखे सरळ झाले. ऐकलं, तर त्यात तुझे बाबाच नव्हते. मी ते पुसलं आणि मूळचं ठेवलं.

म्हणून हे पत्र. काही न कळता ऐकलं असतंस, तर ते बटण तूच दाबलं असतंस, नाहीतर दुसरा ड्रमर बघितला असतास. तसं करू नकोस. पत्र टाकून आले की त्यांना सांगणार आहे. चिडले तर चिडू देत. तू इथे ये आणि त्यांच्यासमोर गा. डावा हात पोचेपर्यंत जरा थांब, मग शब्द उचल. तू चालायला शिकत होतीस, तेव्हा तेही तुझ्यासाठी असेच पाऊल आखडून चालायचे.

तुझीच,
न खोकलेली आई