सातव्या फेरीतला वोंद्रा

९ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. उद्या कुणी विचारलं, लोवेल प्रुइटनं वोंद्रा कसा काय शोधला, तर तारीखवार पुरावा हवा.

संकल्प. एक, गाडी चालवताना तळलेलं खायचं नाही. दोन, रिपोर्टमध्ये 'हिरा' हा शब्द वापरायचा नाही. ट्रेंटनं त्यावर लेखी बंदी घातलीय. ट्रेंट ओसवाल्ट म्हणजे आमच्या हेरन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा जनरल मॅनेजर. वय चौतीस. त्याला फुटबॉल फक्त कॉम्प्युटरमध्ये दिसतो. तीन, बायकोशी, म्हणजे मार्लीनशी, वाद घालायचा नाही.

गेल्या मोसमात आम्ही सतरापैकी दोन सामने जिंकलो. त्यातला एक समोरच्यांनी स्वतःहून घालवला. आता सगळं गाव एप्रिलच्या ड्राफ्टकडे डोळे लावून बसलंय. बत्तीस संघ ओळीनं कॉलेजची पोरं उचलणार, सात फेऱ्या. पहिल्या फेरीत काय, कुणीही शहाणा ठरतो. खरी पारख सहाव्या-सातव्या फेरीत, उरल्यासुरल्यांत. तो माझा, म्हणजे स्काउटचा प्रांत: गावोगाव फिरून पोरं हेरायची. अकरा वर्षांत मी शोधलेली नऊ पोरं घेतली गेली. एक आज विमा विकतो, एक छपरं शाकारतो, पण एक तर तब्बल तीन आठवडे संघात टिकला होता. हे लोक विसरतात.

११ फेब्रुवारी, बुधवार

नेब्रास्का. बर्फ. दुपारी पेट्रोल पंपावर दोन हॉटडॉग खाल्ले. ते तळलेले नसतात, भाजलेले असतात.

एमेट वोंद्रा! सहा फूट सहा इंच, तीनशे दहा पौंड. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे राखणीला उभा राहिला की मागचं आभाळ दिसत नाही. कॉलेज एवढंसं की मैदानाच्या कडेला गुरं चरतात. एकाही संघाचा माणूस इकडे फिरकलेला नाही. सगळे आंधळे!

सराव संपल्यावर गाठलं. म्हणाला, मिस्टर प्रुइट, इतक्या लांब आलात, आभारी आहे, पण मला गुरांचा डॉक्टर व्हायचंय.

वा! म्हणजे मैदानात कुणाचा पाय मुरगळला तर हाच बघेल. हुशार खेळाडू.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ड्राफ्टच्या खोलीत भिंतभर बोर्ड. प्रत्येक पोराच्या नावाची मॅग्नेटची पट्टी. वोंद्राची मी स्वतः पाचव्या फेरीच्या रकान्यात लावली.

ट्रेंटनं बाजूला घेतलं. म्हणाला, लोवेल, या वर्षी तुमचं एक तरी नाव लागू दे हो, ड्राफ्ट झाला की सगळ्या स्काउटांचे करार संपतात, ठाऊक आहे ना? मग खांद्यावर हात ठेवला.

खांद्यावर हात उगाच ठेवत नाहीत. म्हातारा हॅल्व्हरसन निवृत्त झाल्यापासून खिडकीवाली खोली रिकामी आहे. तिथं मुख्य स्काउट बसतो. मार्लीनला सांगितलं. ती म्हणाली, लोवेल, तुला एखाद्यानं दार दाखवलं तर तू म्हणशील, बघ, काय सुंदर लाकूड आहे.

वाद घातला नाही.

१९ मार्च, गुरुवार

(मधले दिवस प्रवासात गेले.)

पुन्हा नेब्रास्का, या वेळी वोंद्राच्या घरी. आई लोरेटा. चेक वंशाची माणसं, जर्दाळू घातलेली कोलाची, म्हणजे त्यांचे गोड पाव, गरमागरम समोर ठेवली. पाच खाल्ली. भट्टीतली होती, तळलेली नव्हती.

एमेट 'नाही, मिस्टर प्रुइट' म्हणून गोठ्यात गेला. लोरेटानं स्पष्ट सांगितलं, अहो प्रुइट, पोरानं एम्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात अर्ज केलाय, तुम्ही कशाला हेलपाटे घालता? मी म्हटलं, बाई, जोडीला दुसरा बेत असणं उत्तमच. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग सहावं कोलाच वाढलं. माणसं मोठी प्रेमळ.

रिपोर्टमध्ये लिहिलं: 'घरचं वातावरण भक्कम.' 'हिरा' लिहिलं नाही. 'पैलू न पाडलेला मौल्यवान दगड' लिहिलं.

६ एप्रिल, सोमवार

वोंद्राची पट्टी आता सातव्या फेरीच्या रकान्यात. तीही एका पंटरच्या खाली! पंटर म्हणजे नुसती लाथ मारून चेंडू लांब पाठवणारा. विचारलं तर ट्रेंट म्हणाला, कॉम्प्युटर म्हणतो.

कपाळ! पण नंतर लक्षात आलं. सातव्यात मिळणाऱ्याला पाचव्यात घ्यायचं कशाला? ट्रेंट शिकतोय माझ्याकडून.

एमेटला सोळा फोन केले. उचलत नाही. आजकालच्या पोरांच्या हातातून फोन सुटत नाही, हा बघा. कमालीची एकाग्रता.

१० एप्रिल, शुक्रवार

शेवटी स्वतःच गेलो. क्वार्टरबॅकला राखणाऱ्या खेळाडूच्या हाताची लांबी फार महत्त्वाची, आणि ती मोजायची राहिली होती.

गाई विण्याचा हंगाम. एमेट गोठ्यात होता, उजवा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत. मी टेप काढली. तो म्हणाला, मिस्टर प्रुइट, आत्ता नको. मी म्हटलं, चालू दे तुझं, मी बाहेरचा भाग मोजतो. तो म्हणाला, माझं उत्तर नाही असंच आहे, तिसऱ्यांदा सांगतोय, राग मानू नका. आवाज शांत. गाय हंबरतेय, मी टेप धरलीय, तरी ढळला नाही. दडपणाखाली असा माणूस मी अकरा वर्षांत पाहिला नाही.

वासरू सुखरूप. हाताची लांबी: निदान चौतीस इंच, उरलेला अंदाज.

१४ एप्रिल, मंगळवार

बोर्डावर वोंद्रा नाही. सातव्यात नाही, कडेला नाही, कुठंच नाही. कॉफी घ्यायला पॅन्ट्रीत गेलो तर पट्टी फ्रिजवर! तिच्याखाली पिझ्झावाल्याचं मेनूकार्ड.

तासभर विचार केला. खोलीत बाहेरची माणसं येतात-जातात, बोर्ड कुणीही वाचेल. फ्रिज कोण वाचतो? ट्रेंटला मनातून मानलं. पट्टी होती तिथंच ठेवली.

२३ एप्रिल, गुरुवार

पहिली फेरी. आम्ही क्वार्टरबॅक घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, लहान पोरांच्या वाढदिवसाला वाजवतात तशा. शनिवारसाठी तपकिरी कोट काढून ठेवला. मार्लीन म्हणाली, बटण लागतंय का बघ. लागत नाही. उघडा कोट जास्त रुबाबदार दिसतो.

२५ एप्रिल, शनिवार

सातवी फेरी. आमचा शेवटचा क्रमांक. कॉम्प्युटरनं काढलेलं नाव आमच्या आधीच्या संघानं उचललं. घड्याळात चार मिनिटं. ट्रेंटनं डोळे चोळले आणि म्हणाला, बोला लोवेल, तुमचा तो गुराखी कुठाय?

मी पॅन्ट्रीत धावलो. पट्टी ओढली, मेनूकार्ड खाली पडलं. धापा टाकत येऊन वोंद्राला सातव्या फेरीत लावलं. अकरा वर्षं मी या एका मिनिटासाठी गाडी हाकली.

नाव देण्याआधी पोराला फोन करतात. ट्रेंटनं स्पीकर लावला. लोरेटानं उचलला. ती म्हणाली, थांबा, गोठ्यात नेते. दरवाजा वाजला, चिखलातली पावलं ऐकू आली, गाय हंबरली. दोन मिनिटं. मग एमेट. ट्रेंटनं सांगितलं, आम्ही तुला घेतोय. तो म्हणाला, सर, मान दिलात, आभार, पण एम्सचं पत्र आलंय, मी ऑगस्टमध्ये तिकडे चाललो. मिस्टर प्रुइटना मी तीनदा सांगितलं होतं, त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही का?

बारा माणसं माझ्याकडे बघायला लागली.

चाळीस सेकंद उरले होते. ट्रेंटनं पंटरला फोन लावला. त्यानं पहिल्या रिंगला उचलला आणि हमसून हमसून रडला.

२७ एप्रिल, सोमवार

दहा वाजता ट्रेंटनं बोलावलं. खिडकीचं माप घ्यायला टेप खिशात नेली होती, पडदे लागतील म्हणून.

दहा वाजून सहा मिनिटांनी बाहेर आलो. ट्रेंट वाईट बोलला नाही. दार स्वतः उघडून धरलं. ओकचं आहे, चांगलं जड. हे मार्लीनला सांगितलं नाही.

खिडकीवाल्या खोलीत प्रिंटर ठेवलाय. माझं सामान एका खोक्यात मावलं. वोंद्राची पट्टी घेऊन आलो, त्यांना आता तिचा उपयोग नाही.

१६ मे, शनिवार

एमेटचं पत्र. चष्मा सापडेना म्हणून मार्लीननं वाचलं. लिहितो, नोकरी गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. त्या शनिवारी तुमचा फोन चालू असताना हंगामातलं शेवटचं वासरू झालं. त्याचं नाव आम्ही लोवेल ठेवलंय.

मार्लीनला म्हटलं, बघ, याला म्हणतात कदर! अकरा वर्षांत एकानं तरी माणूस ओळखला. तिनं पान उलटलं आणि पुढचं वाचेना. मी म्हटलं, वाच ना.

तिनं वाचलं. कितीदा हाकललं तरी परत दारात येऊन उभं राहतं, म्हणून हे नाव आईला सुचलं. आधी वाटलं, ऐकू कमी येतं. मी नीट तपासलं. कान ठणठणीत आहेत. त्याला ऐकायचंच नसतं.

मार्लीन टेबलावर डोकं ठेवून हसली. मी नाही हसलो. बराच वेळ नाही. मग ती डोळे पुसत म्हणाली, पुढे लिहिलंय, आई म्हणते कोलाची करते, दोघं या, आणि या वेळी टेप आणू नका.

वाद घातला नाही. पत्र फ्रिजवर लावलं, वोंद्राच्याच पट्टीखाली.